फॅशिया: आपला हात नेमकं काय करतो? (मालिश, फिजिओ आणि अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांसाठी)

दाईची_नात

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी मालिशचं काम करते. आजी दाई होती. पंचक्रोशीतल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायला ती जायची, तेव्हा तेलाची वाटी धरायला मी मागे असायची. पुढे नागपुरात वर्षभराचा मसाज थेरपीचा कोर्स केला आणि गावातच खोली घेतली. येणाऱ्या बहुतेक बाया शेतमजुरी करणाऱ्या. कापूस वेचणी लागली की कंबर, निंदणाच्या दिवसांत गुडघे आणि मान, टाचा वर्षभर.

गेल्या काही वर्षांत आमच्या धंद्यात 'फॅशिया' हा शब्द फार ऐकू येतो. शिबिरात तोच, व्हिडिओत तोच. आणि त्याच्या मागोमाग एक ठरलेलं वाक्य येतं: 'तुमचा फॅशिया चिकटलाय, सोडवून देतो.' मग कोपर, लाकडी दांडा, स्टीलची पट्टी. बाई घरी जाते ती पाठीवर काळेनिळे वळ घेऊन. हे वाक्यच एकदा नीट तपासून पाहावं असं बरेच दिवस मनात आहे, म्हणून हा धागा.

आधी फॅशिया म्हणजे काय ते. कधी मटण धुताना मांडीच्या तुकड्यावरची पांढरट झिल्ली पाहिली आहे का? खाटीक सुरीच्या टोकानं ती ओढून काढतो. मांसाच्या दोन थरांमध्ये बोट घातलं तर ते अलगद सरकत आत जातं, आणि मधले बारीक तंतू ओले, कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. तोच तुकडा तासभर उघड्यावर राहिला की झिल्ली सुकते आणि बोट अडतं. ती झिल्ली म्हणजेच फॅशिया. आपल्या अंगात कातडीखाली चरबीत एक थर, त्याखाली स्नायूंना गुंडाळणारा जाड थर, आणि स्नायूच्या आतही प्रत्येक जुडग्याभोवती तिचीच पातळ वेष्टणं. सगळं एकमेकांत विणलेलं. कुठे पातळ, कुठे जाड. कंबरेत ती इतकी जाड आणि पांढरीशुभ्र असते की तिला वेगळं नावच आहे, थोरॅकोलंबर फॅशिया. तळपायाची प्लांटार फॅशिया. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा तोही तिचाच.

तिची कामं मला समजली ती अशी. एक, ओढ पोचवणं. दोन, थरांना एकमेकांवर सरकू देणं. तीन, अंगाची खबर मेंदूला देणं, कारण तिच्यात मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या कंबरेत मिठाचं तीव्र द्रावण टोचून पाहिलं, तर स्नायूपेक्षा त्यावरच्या फॅशियात टोचल्यावर जास्त दुखलं, जास्त वेळ दुखलं आणि जास्त दूर पसरलं. कंबरदुखी म्हणजे मणका नाहीतर स्नायू एवढंच धरून चालणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर थांबून विचार करायला हवा.

सरकण्याबद्दल इटलीतल्या पाडोव्हा विद्यापीठातल्या कार्ला स्टेक्को यांनी पुष्कळ काम केलं आहे. थरांच्या मध्ये हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. भेंडी चिरताना बोटाला लागतं तसं काहीसं समजा. अंग हलतं राहिलं की तो पातळ राहतो, एकाच जागी ताण आणि हालचाल कमी झाली की दाटतो, आणि थर जडपणे सरकतात, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत हेलेन लँजव्हँ यांनी २०११ मध्ये सोनोग्राफीनं मोजलं: जुनी कंबरदुखी असलेल्यांच्या कंबरेतल्या फॅशियाचे थर इतरांपेक्षा सुमारे २० टक्के कमी सरकत होते. दुखण्यामुळे सरकणं कमी झालं की सरकणं कमी म्हणून दुखलं, हे त्यातून ठरत नाही. हे नीट लक्षात ठेवावं.

आता मुख्य मुद्दा. हातानं हा पडदा ताणला जातो का? २००८ मध्ये हंस चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं. तळपायाच्या आणि मांडीच्या जाड फॅशियाचा आकार १ टक्क्यानं बदलायचा तरी लागणारा जोर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा निघाला. नाकावरच्या मऊ फॅशियात तेवढा बदल हातानं होऊ शकतो, पण मांडीत नाही. याचा अर्थ वीस मिनिटं कोपर रोवून आपण काही 'तोडत' नाही, 'लांब' करत नाही. तसं हातानं होत असतं, तर रोज विळा चालवणाऱ्या बाईच्या तळहाताचा फॅशिया केव्हाच फाटला असता.

तरीही माणूस टेबलावरून उठतो तेव्हा हलकं वाटतं, हेही खरंच. ते कशानं? मला वाटतं ऊब, थरांचं सरकणं, आणि त्याहून जास्त मज्जातंतू. फॅशियात रुफिनी नावाची टोकं असतात, ती हळू आणि आडव्या ओढीला जागतात. हात संथ असला की अंग पहारा सैल करतं. म्हणजे आपण सुताराचं काम करत नाही, समजूत घालायचं काम करतो.

तुमचा अनुभव सांगा. मतभेद असला तर जरूर लिहा.

---

फिजिओ_अंबानगरी

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी अमरावतीत फिजिओथेरपिस्ट आहे. गणिताचा मुद्दा मी पेशंटला सांगते तेव्हा अर्धे नाराज होतात, कारण आधीच्या कुणीतरी 'गाठी फोडल्या' असं सांगितलेलं असतं.

वाकून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोडते. उभ्यानं वाकायला लागलं की सुरुवातीला पाठीचे स्नायू वजन धरतात. पण पुरतं वाकलं की ते जवळजवळ गप्प होतात. यंत्रावर त्यांचा विद्युत संदेश मावळलेला दिसतो. मग धड कोण तोलून धरतं? हाडांना हाडं जोडणारे लिगामेंट आणि कंबरेचा फॅशिया. निंदण, रोवणी, वेचणी, सगळं त्याच अवस्थेत. बाई थकून स्नायू सोडते असं नाही, शरीराची ती काटकसर आहे.

पण तिची किंमत आहे. अशा पडद्यांना सतत ताण दिला की ते हळूहळू सैलावतात. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९२ मध्ये माणसांना २० मिनिटं पूर्ण वाकून बसवलं. सरळ झाल्यावर २ मिनिटांत साधारण निम्मी ढिलाई भरून निघाली, पण अर्ध्या तासानंतरही थोडी उरलीच होती. त्या वेळात कंबर बेसावध असते. दोन तास निंदून लगेच गवताचा भारा उचलला आणि 'उसण भरली' असं जेव्हा सांगतात, तेव्हा मला हे आठवतं. भाऱ्याआधी दोन-चार मिनिटं चालावं, हात वर करावेत, मग उचलावं. एवढं मी प्रत्येकीला सांगते.

आणि आता फॅशियाच्या अंगभर जाणाऱ्या 'रेषां'ची गोष्ट, म्हणजे एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकापर्यंत पोचते असं मानणारी. टॉम मायर्स यांच्या रेषा आता सगळीकडे शिकवल्या जातात. २०१६ मध्ये जर्मनीतल्या विल्के आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांचे जुने अभ्यास गोळा करून पाहिलं. तळपायापासून पोटरी, मांडीची मागची बाजू आणि पाठ अशी मागची रेषा, तिला चांगला आधार मिळाला. समोरच्या मुख्य रेषेला मिळाला नाही. म्हणून भिंतीवरचा तक्ता पाहून 'पायाचा अंगठा दाबला की मान सुटते' असं छातीठोक सांगू नये.

---

पऱ्हाटी

नमस्कार. मी वाचक हावो, थेरपी-गिरपी येत नाही. माही माय वीस वर्सापासून कापूस येचते. तुमी म्हणता उभं राहा, चाला, हात वर करा. पन येचनी किलोवर असते जी. जे बाई उभी रायली तिची ओटी रिकामी. आनं रोजानं असलं तं मालक पायते. कंबर कोनाची दुखत नाही मायच्या टोळीत? सगळ्यायचीच दुखते. मंग याईनं काय करावं, थे सांगा.

---

दाईची_नात

भाऊ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. माणसाची ठेवण आधी त्याच्या कामानं आणि मजुरीनं ठरते, फॅशिया त्यामागून चालतो. हे मी थेरपिस्ट असूनही म्हणते.

मजुरी न बुडवता जे जमतं ते सांगते, आमच्या गावच्या टोळीतून शिकलेलं. पातीच्या टोकाला तसंही थांबावं लागतं. तिथं ओटी सोडायची, दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकदा लांब श्वास घ्यायचा, आणि दुसऱ्या पातीला लागायचं. अर्धा मिनिटही जात नाही. दुसरं, ओटी तुडुंब भरू देऊ नका. भरलेली ओटी पोटावर लोंबते आणि कंबर पुढे ओढते. दोनदा जास्त रिकामी केली तर किलो तेवढेच भरतात. तिसरं, खालचं बोंड एक गुडघा टेकून वेचायचं, मग वरचं उभ्यानं. सलग वाकून राहणं मोडणं, एवढाच याचा हेतू.

आईंना पायात मुंग्या येतात का? खोकताना कळ पायात उतरते का? रात्री दुखण्यानं जाग येते का? हे विचारून इथे लिहा.

---

पैलवान_खामगाव

ताई, आदर ठेवून असहमती नोंदवतो. माझे वडील आखाड्यात मालिश करायचे, मी त्यांच्याकडे शिकलो, मला या कामात २६ वर्षं झाली. पैलवानाला हलक्या हातानं काही होत नाही. तो स्वतः सांगतो, अजून दाबा. कोपरानं मांडी रगडल्यावर तो दुसऱ्या दिवशी जोर-बैठका मारतो. हे शास्त्र कागदावर ठीक आहे, पण माझ्या हाताला गाठ लागते आणि ती विरते हे मी रोज अनुभवतो. ते खोटं कसं मानू?

---

दाईची_नात

दादा, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. गाठ लागते आणि विरते, हे माझ्याही हाताला रोज लागतं. मतभेद आहे तो फक्त ती का विरते यावर. स्नायूचा एक भाग आखडून राहतो आणि दाबाखाली सैल होतो. फॅशिया ज्यांचा विणलेला असतो ते कोलॅजनचे तंतू मात्र त्या दहा मिनिटांत बदलत नाहीत, त्यांची घडण बदलायला महिनोन्‌महिने लागतात. पैलवान रोज ताकद लावतो, म्हणून त्याचा फॅशिया त्या ताकदीनुसार घडतो. तुमच्या कोपरापेक्षा त्याच्या जोर-बैठका तिथं जास्त काम करतात.

आणि पैलवानाचं अंग वेगळं, साठीच्या मजूर बाईचं वेगळं. माझी एक चूक सांगते. कोर्स करून आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मीही जोरात करायची. एक काकू आल्या, खांद्याच्या पात्यामागे दुखतंय म्हणून. मी अंगठा रोवून अर्धा तास रगडलं. त्या दात धरून पडून राहिल्या, एकदाही 'हळू' म्हणाल्या नाहीत, कारण दुखल्याशिवाय गुण येत नाही असं त्यांनाही वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं मला पाठ दाखवली. तळहाताएवढा जांभळा डाग. त्या रक्त पातळ होण्याची गोळी घेत होत्या. मी विचारलंच नव्हतं. आठवडाभर त्यांना कामावर जाता आलं नाही, आणि ती मजुरी बुडाली ती माझ्यामुळे. तेव्हापासून गोळ्यांची पिशवी पाहिल्याशिवाय मी तेलाला हात लावत नाही.

---

पैलवान_खामगाव

गोळ्यांचा मुद्दा मान्य. आमच्याकडे म्हातारी माणसंही येतात, आणि मी कधी विचारलं नाही. आता विचारीन. दाबाबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे, पैलवानाला दाब लागतो.

---

वैद्य_झरपट

चंद्रपूरहून लिहितो, बीएएमएस आहे. चर्चा चांगली चालली आहे.

सुश्रुतानं शरीरात सात कला, म्हणजे आवरणं, सांगितल्या, त्यात पहिली मांसधरा. चिखलपाण्यातून कमळाचे देठ जसे चहूकडे पसरतात, तशा मांसात शिरा वगैरे पसरतात, असा दृष्टान्त तिथे आहे. आवरण आणि त्यातून जाणाऱ्या वाटा हे त्यांच्या नजरेस आलं होतं. पण मांसधरा कला म्हणजेच आजचा फॅशिया, असं समीकरण मांडायची घाई मी करणार नाही. दोन्हीकडची भाषा वेगळी, पाहण्याची पद्धत वेगळी.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आपल्या भागातल्या आजारांचं भान. विदर्भात हत्तीरोग आहे. पाय सुजलेला, कातडी जाड, मधूनच ताप येऊन पाय लाल होतो, अशा पायाला लाल असताना रगडायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. कुष्ठरोगाचे जुने रुग्ण आहेत, वरोऱ्याचं आनंदवन आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या बधिर चट्ट्यावर तुम्ही किती दाबताय, किती गरम शेकताय, हे त्यांना कळतच नाही. मधुमेहींच्या तळपायाचंही तसंच. मिठाची गरम पुरचुंडी ठेवून आलेला भाजल्याचा फोड मी पाहिला आहे, भरायला दोन महिने लागले. शेक देण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, आणि बधिर जागी देऊच नका.

पाठीचा एकच मणका दुखतो, सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरतंय, तर मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करायचा. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तर मालिश नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

---

आशा_कोरची

वैद्यसाहेबांच्या यादीत सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, राहिला. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात घरोघरी विचारावं लागते. सिकलसेलच्या पोरांना कळा येतात तेव्हा हाडं फोडल्यासारखी दुखतात. घरचे म्हणतात थंडी लागली, वात झाला, चोळून द्या. मी अशी पोरं पाहिली जी चोळता चोळता रात्र काढली आणि सकाळी नेईपर्यंत फार खालावली. कळ आली की पाणी, ऊब, आणि लगेच दवाखाना. जोरात चोळणं नाही. मालिश करणाऱ्या ताई-दादांनी 'तुमचं सिकलसेलचं कार्ड काढलं का' एवढं जरी विचारलं तरी उपकार होतील.

आमच्याकडे धानाची रोवणी असते. पायाखाली चिखल, पुरतं वाकून, मागे मागे सरकत. फिजिओताई म्हणतात ते फॅशियावर भार येणं आमच्या बायांना शब्दानं माहीत नाही, पण बांधावर आल्या की सगळ्या कंबरेवर हात ठेवून मागे रेलतात. कोणी शिकवलं नाही.

---

फिजिओ_अंबानगरी

ते मागे रेलणं अगदी योग्य आहे. त्यांना तेच करू द्या.

---

शाळामास्तर_दारव्हा

माझी मुलगी नववीत आहे, पोक काढून बसते. शेजारी म्हणतात फॅशिया आखडला आहे, खांद्याला पट्टा लावा, मालिश करा. काय करावं?

---

फिजिओ_अंबानगरी

सर, आधी एक तपासणी घरीच करा. तिला पाय जुळवून, हात सोडून समोर वाकायला सांगा आणि मागून पाहा. बरगड्यांची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर मणका बाजूला वळलेला असू शकतो, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. दोन्ही बाजू सारख्या असतील, दुखत नसेल, आणि सांगितल्यावर ती सरळ उभी राहू शकत असेल, तर घाबरू नका.

पट्टा नको. पट्टा बाहेरून धरतो, आतून कुणी काम करत नाही. या वयात मुली छाती लपवायला खांदे पुढे घेतात, हे आपण मोठ्यांनी समजून घ्यावं. रोज 'सरळ बस' म्हणून टोचू नका. तिला दोरीवरच्या उड्या, खो-खो, झाडाला लटकणं, जे आवडेल ते करू द्या. पोक म्हणजे दुखणं येणारच, असं शास्त्र सांगत नाही. एकच बैठक फार वेळ धरून ठेवणं, मग ती सरळ का असेना, त्रास देते.

---

टाच_मोर्शी

संत्र्याच्या बागेत काम करतो. सकाळी पलंगावरून पाय टेकला की टाचेत खिळा घुसतो, दहा पावलांनी कमी होतो. मालिशनं दोन दिवस बरं, मग परत. कुणी म्हणालं हाड वाढलंय.

---

दाईची_नात

तळपायाच्या फॅशियाचं दुखणं दिसतंय. हाड वाढलेलं पुष्कळांच्या फोटोत दिसतं, दुखत नाही अशांच्याही, म्हणून त्याचं ओझं मनावर घेऊ नका.

एक करून पाहा. उभं राहून पायाचा अंगठा हातानं वर उचला. तळपायाची कमान आपोआप वर येईल आणि आतल्या बाजूला ताठ दोरी बोटाला लागेल. हिक्स यांनी १९५४ मध्ये हे नीट मांडलं. आपल्या भाषेत विहिरीचा रहाट: अंगठा वळला की दोर गुंडाळतो, कमान उचलते, पाय खुंटासारखा घट्ट होतो आणि पाऊल पुढे जातं. दिवसाला हजारो वेळा हा रहाट फिरतो. म्हणून नुसतं चोळून तो सुधारत नाही, त्याला भार पेलायला शिकवावं लागतं.

२०१५ मध्ये डेन्मार्कच्या रॅथलेफ यांनी तपासलेला व्यायाम मी देते. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली पंच्याची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. टाच ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. एक दिवसाआड. १२ वेळा जमेल एवढ्या भारानं सुरू करायचं, मग पाठीवर पिशवी घेऊन भार वाढवायचा. तीन महिन्यांनी या लोकांना नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा बरं होतं, वर्षानं दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे जादू नाही, पण लवकर कामाला लागता येतं. मालिश सोबत चालू ठेवा, सकाळच्या पहिल्या पावलाआधी. बागेत अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेनं फिरू नका. आणि साखर तपासून घ्या.

---

धुरकरी

मी शेतकरी. ताईंनी 'समजूत घालायचं काम' लिहिलं तिथं थांबलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदशेकणी करतो. वर्षभर जू वाहून खांद्याची कातडी राठ झालेली असते. वडील कोमट तूप-हळद पळसाच्या पानानं लावायचे आणि तळहात नुसता ठेवून राहायचे. रगडायचे नाहीत. बैल आधी अंग चोरतो, कातडी थरथरवतो. हात तसाच राहिला की एका क्षणी मान खाली सोडतो आणि खांद्याचं वजन आपल्या हातावर देतो. वडील म्हणायचे, 'आता त्यानं आवतन घेतलं.'

---

दाईची_नात

दादा, डोळ्यांत पाणी आलं वाचून. तो 'मान सोडण्याचा' क्षण माणसातही तसाच येतो. मी कंबरेवर काम करते ती रीत आता याच शब्दांत सांगता येईल.

बाई पोटावर नको, कुशीवर झोपते, गुडघ्यांत उशी. पुष्कळजणींना पोटावर झोपून श्वास मोकळा येत नाही. तेल अगदी थोडं, फार तेल लावलं की हात कातडीवरून घसरतो आणि खालचा थर हाती लागत नाही. तळहात कंबरेच्या कडेला ठेवते. पहिला मिनिट काहीच नाही. मग कातडी हातासोबत घेऊन डोक्याकडे, पायाकडे, आडवी अशी सरकवून पाहते. एका दिशेला ती सहज जाते, दुसऱ्या दिशेला अडते. अडते तिथं ढकलत नाही, काठावर थांबते. श्वास सोडताना अर्धा बोटभर जागा मिळते, ती घेते. मग तिलाच हलायला सांगते: वरचा गुडघा पोटाकडे आण, परत ने. माझ्या हाताखालून थर तिच्या हालचालीनं सरकतो. मला वाटतं खरा गुण इथं येतो, हात आणि हालचाल सोबत असताना. शेवटी उभी करून चालवते, वाकवते, आणि विचारते काय बदललं.

आजीची एक सवयही इथं लिहून ठेवते. बाळंतिणीच्या पायाला तेल लावण्याआधी ती दोन्ही पोटऱ्या हातात धरून जोखायची. एक सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखरी लागली तर चोळायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते हे तिला शब्दांत माहीत नव्हतं, पण तिनं कुठे पाहिलं असणार. आपण सगळ्यांनी हे करावं.

---

पऱ्हाटी

मायले इचारलं. मुंग्या नाही, रातची झोप लागते. पातीच्या टोकाले ओटी सोडून हात वर करते आता, टोयीतल्या दोघी-तिघीबी करतात. कंबर संध्याकायी धरते, पन कमी, असं म्हनते.

आता बाबाचं इचारतो. थे १६ लिटरचा पंप घेऊन फवारनी करतात. डाव्या हातानं दांडी मारतात, आनं उजव्या कंबरेत, कुल्ल्याच्या वर दुखते. डाव्या हाताचा उजव्या कंबरेशी काय संबंध?

---

फिजिओ_अंबानगरी

संबंध असू शकतो. बगलेपासून पाठीवर पसरणारा मोठा स्नायू आणि विरुद्ध बाजूच्या कुल्ल्याचा मोठा स्नायू, दोघं कंबरेच्या फॅशियात येऊन मिळतात. व्हलीमिंग यांनी १९९५ मध्ये शवांवर ओढून दाखवलं की एका बाजूची ओढ मध्यरेषा ओलांडून पलीकडे पोचते. चालताना उलटा हात-पाय पुढे येतो, त्याला हीच जोडणी कामी येते. बाबांचं दुखणं त्यामुळेच आहे असं न पाहता म्हणणार नाही. १६ लिटर पाणी, वर पंपाचं वजन, ढेकळातलं चालणं, ही कारणंही पुरेशी आहेत.

पट्टे आवळून पंप पाठीला चिकटवा, लोंबू देऊ नका. अरुंद पट्टा खांद्यात रुततो, तो रुंद करा. पंप जमिनीवरून उचलू नका, बैलगाडीच्या काठावर ठेवून पाठीवर घ्या. पहिले काही दिवस पाऊण भरा. आणि फवारणीनंतर मालिश करायची तर आधी साबणानं आंघोळ, औषध अंगावर असताना तेल चोळायचं नाही.

---

पऱ्हाटी

हाव जी. पट्टे आज शिंप्याकडून रुंद करून आनले. आत जुन्या गोधडीची घडी भरली. उद्या पंधरा पंप मारायचे हायेत, संध्याकायी लिहितो.